आधी दगड, मग चाकू

बुलढाणा जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही. घाटावर मेहकर, चिखली, सिंदखेडराजा या बाजूला खणलं की काळा बेसाल्ट लागतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद या पट्ट्यात पूर्णेने आणून टाकलेला गाळ. तरी इथल्या माणसाच्या चंचीत, मग बंडीच्या आणि आता पँटीच्या खिशात चाकू राहिलाच. म्हणजे इथला प्रत्येक चाकू मुळात परगावचा. त्याचं पोलाद बैलाच्या पाठीवरून, रेल्वेने, ट्रकच्या खालून किंवा कंटेनरमधून आलेलं. इथला होता तो फक्त धार लावायचा दगड : विहिरीच्या काठाचा, घराच्या पायरीचा, नाल्यातला.

चाकू घेणारा दोन गोष्टी मागतो. धार पटकन लागावी आणि पटकन जाऊ नये. या दोन मागण्यांचं आपसात पटत नाही. जे पोलाद दगडावर सहज झिजतं, ते कापतानाही झिजतं. जे कापताना झिजत नाही, ते दगडालाही दाद देत नाही. जिल्ह्यात कुठून कुठून चाकू आले याचा मागोवा घेताना हेच भांडण पुन्हा पुन्हा समोर येतं. त्याचा निकाल एकट्या पात्याने कधीच लावलेला नाही. पातं आणि दगड यांची जोडी जुळली, तेव्हाच तो लागला.

निर्मळचं पोलाद

विदर्भाला लोखंड नवं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथं १९७८-८० च्या उत्खननात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळायची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षांचा. माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांखाली मृतांसोबत ठेवलेल्या वस्तूंत सुऱ्या, कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे लगाम निघाले. मेलेल्या माणसाबरोबर सुरी पुरली जात होती, यावरूनच तिची किंमत कळते.

बुलढाण्याच्या बाजूलाही वस्ती जुनी, पण भट्टीला लागणारी कच्ची धातू नाही. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोण इथं डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी उत्खनन केलं. तिथं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा बौद्ध स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या. एवढ्या नांदत्या गावाला विळा, कुदळ, सुरी लागणारच, आणि त्यांचं लोखंड बाहेरूनच यायला हवं.

कुठून, याचा एक धागा अकबराच्या काळात हाती लागतो. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. त्यात मेहकर सरकार, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, येतं आणि लोणारचं खारं पाणीही येतं. काच आणि साबण यांना लागणारा खार तिथं मिळतो, अशी नोंद आहे. त्याच सुभ्याच्या वर्णनात, इंदूर आणि निर्मळ इथं पोलादाच्या खाणी आहेत, असंही वाक्य आहे. हे इंदूर म्हणजे आजचं निजामाबाद. म्हणजे एकाच सुभ्यात एका टोकाला लोणारचा खार आणि दुसऱ्या टोकाला निर्मळचं पोलाद. बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा खाली जिथं तेलंगणाची हद्द धरून वाहते, तिथून निर्मळ फार दूर नाही. १६६६ मध्ये हिंदुस्थानात आलेला फ्रेंच प्रवासी थेवनो याच मुलखातल्या इंदलवाईबद्दल लिहितो की तिथं तलवारी, खंजीर आणि भाल्यांची पाती बनतात आणि देशभर विकली जातात.

हे पोलाद बनायचं कसं, याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन डॉ. हेन्री व्हॉयसीने केलं. तो कर्नल लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला शल्यवैद्य आणि भूगर्भशास्त्रज्ञ. त्याचं टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये छापून आलं. निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम गावात दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड एकत्र करून मातीच्या मुशीत भरत, त्यात काचेचे तुकडे टाकत, मूस मातीने लिंपून बंद करत आणि भट्टीत तासन्‌तास धगधगता जाळ देत. थंड झाल्यावर मूस फोडली की पोलादाची वडी निघे. ही वडी घ्यायला इराणचे व्यापारी येत, गावात मुक्काम ठोकून राहत आणि माल नीट पारखून नेत. आपल्याकडे असं पोलाद करून पाहिलं पण साधलं नाही, असं ते सांगत.

या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. साध्या लोखंडात तो नसल्यातच जमा. एवढा कार्बन असला की पोलादाच्या अंगात लोह आणि कार्बनच्या संयुगाचे अतिशय कडक, बारीक कण तयार होतात. धार टिकते ती त्यांच्यामुळे. पण ती लावायची कशाने? घाटावरचा बेसाल्ट इथं हात टेकतो. त्यातली खनिजं मोसच्या मापावर साधारण सहाच्या कडकपणाची, आणि चांगलं पाणी दिलेलं पोलाद तेवढंच किंवा थोडं जास्तच कडक. पायरीच्या दगडावर मऊ विळा पाजता येतो. कडक चाकू घासला तर तो फक्त चकाकतो.

त्यावरचा तोडगाही दख्खनमध्येच होता. कुरुंद हे खनिज मोसच्या मापावर नऊ, हिऱ्याच्या खालोखाल. हत्यारांना धार लावणारे शिकलगार कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून तिचं चाक बनवत आणि पट्ट्याने ते फिरवत. ज्या मुलखाने कडक पोलाद बनवलं, त्यानेच त्याला झिजवणारं चाकही बनवलं. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे चुकलं ते नेमकं इथंच.

मुंबईहून गेलेली वडी

१७९४ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना या जातीच्या पोलादाचे नमुने पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत बनलेलं’ असं म्हटलं आहे. पेटीवरचा पत्ता मुंबईचा, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत असली भट्टी नव्हती.

या निबंधात आपल्या विषयाचा नेमका धागा आहे. बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या नामांकित चाकूवाल्याने त्या पोलादाच्या तुकड्यातून एक लेखणी तासायचा चाकू घडवला. युरोपातले लोहार हे पोलाद पांढरं होईपर्यंत तापवत आणि घाव घातला की त्याचा भुगा होई. स्टोडार्टने ते फक्त अंधारात लाल दिसेल इतकंच तापवून घडवलं. काम जिकिरीचं होतं. पण चाकू उत्तमातल्या उत्तम इंग्रजी पोलादाच्या तोडीचा कापू लागला, आणि पुष्कळ कामांना हे पोलाद इंग्लंडमध्ये वापरात असलेल्या कुठल्याही पोलादापेक्षा सरस आहे, असं मत स्टोडार्टने दिलं. पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातीतही तो हिंदुस्थानी पोलादाचं नाव छापू लागला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या तरुण मायकेल फॅराडेने याच पोलादाचं पृथक्करण करता करता मिश्रपोलादांचे प्रयोग केले. त्यांचा संयुक्त निबंध १८२० चा.

पोलादाची परीक्षा घ्यायला लंडनच्या चाकूवाल्याने तलवार घडवली नाही, खिशात मावणारा चाकू घडवला. यामागे कारण आहे. तलवार वजनाने आणि वेगाने कापते, तिला थोडी बोथट धारही चालते. लेखणी तासणारा चाकू मात्र नुसत्या धारेवर उभा असतो.

कुलकर्ण्यांच्या दौतीशेजारी

तसाच चाकू वऱ्हाडातल्या प्रत्येक दप्तराशेजारी होता. कुलकर्णी, देशपांडे, पुढे पटवारी आणि शाळामास्तर, सगळ्यांची मोडी आणि बाळबोध बोरूवर चालत असे. बोरू हा पोकळ दांडा. तो तासायचा म्हणजे आधी टोक लांब तिरपं कापायचं. मग आतला मऊ गाभा खरवडायचा. दोन्ही बाजूंनी खांदे काढून टोक हवं तेवढं रुंद ठेवायचं, शाई उतरावी म्हणून मधोमध चीर द्यायची. शेवटी टोक कठीण पाटीवर टेकवून एकाच दाबात तिरपा काप घ्यायचा. हा शेवटचा काप स्वच्छ उतरला तर अक्षराला जाड-बारीक वळण येतं. चाकू बोथट असेल तर टोकाला कुसं राहतात आणि कागदावर शाई फुटते. अक्षर बिघडलं की मास्तर आधी मुलाचा बोरू बघत आणि मग त्याचा चाकू.

बोरू दिसायला मऊ, पण गवताच्या कुळातला. त्याच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचीच बहीण. ज्वारी सोंगताना विळ्याची धार लवकर जाते तीही याच कारणाने. म्हणून लिहिणाऱ्याजवळ चाकूबरोबर बोटभर लांबीची दगडी पट्टी असे. पोलादी टाक आले, मग फाउंटन पेन आलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी दप्तरातून गेली. त्याबरोबर चाकूचं लिहिण्याशी असलेलं नातं पेन्सिलीपुरतं उरलं. ती दगडी पट्टी मात्र त्याच्याही आधी हरवली, आणि तोटा झाला तो तिच्यामुळे.

खामगावची गाडी

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० च्या दशकात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत नागपूरकडे सरकला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब-खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा त्यांनी सुरू केला. एवढ्याशा फाट्याला व्हाइसरॉय येतो, याचं कारण कापूस. खामगावची कापसाची पेठ तेव्हा वऱ्हाडातली सर्वांत मोठी.

डबे कापूस घेऊन जात आणि येताना मँचेस्टरचं कापड, सळई, पत्रा आणि शेफील्डचा माल घेऊन येत. शेफील्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारास मुशीतलं पोलाद करायला सुरुवात केली होती. दख्खनमध्ये कित्येक शतकं चाललेलीच गोष्ट. फरक एवढाच की शेफील्डकडे दगडी कोळसा होता, यंत्रं होती आणि आता रेल्वे होती. कोनासमुद्रमच्या भट्टीला लागायचा लाकडी कोळसा आणि माणसाची मेहनत. चांद्याकडच्या लोहारा-देवलगावच्या लोखंडाचीही तीच गत झाली. परदेशी पट्टी गावात स्वस्तात पोचू लागल्यावर गावच्या भट्ट्या विझल्या.

जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कंपनीचे घडीचे चाकू हिंदुस्थानभर नावाजले होते. साहेबाच्या कचेरीत, वकिलाच्या टेबलावर, सधन देशमुखाच्या कोटात ते दिसत. पात्यावर तारा आणि माल्टी क्रूस यांचा छाप. पोलाद साधंच, सुमारे एक टक्का कार्बनचं. पातं पातळ घासलेलं. गंजायचं, पण दगडावर दहा-बारा वेळा फिरवलं की पुन्हा कामाला तयार. चांगल्या खिशातल्या चाकूची व्याख्या तेव्हाच पुरी झाली होती, असं म्हणायला हरकत नाही. नंतर वाढली ती चमक.

ट्रकच्या पाट्यातून

रॉजर्स सगळ्यांच्या खिशाला परवडणारा नव्हता. बाकीच्यांचा चाकू गावच्या लोहाराने किंवा फिरत्या घिसाड्याने केला. लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. वखराची पास, नांगराचा फाळ, विळे यांची देखभाल त्याच्याकडे, आणि त्याचं बलुतं खळ्यावर. घिसाडी बैलगाडीवर बिऱ्हाड घेऊन येत, पेरणीआधी आणि सोंगणीआधी गावाबाहेर पाल टाकत. शिकलगार पूर्वी हत्यारांना धार आणि चकाकी देणारे. १८५७ नंतर हत्यारं गेली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलीसुरली परवान्यात अडकली. मग शिकलगार विळ्या, कात्र्या, कुलपं-किल्ल्यांकडे वळले. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी आणि शिकलगार ही दोन्ही नावं आहेत. आपल्या धारेचा इतिहास ज्यांच्या हातात होता, त्यांची नोंद सरकारदरबारी अशी झाली.

घिसाड्याचा चाकू होताना पाहिला तर पोलाद कळतं. हल्ली त्याचा कच्चा माल म्हणजे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, शिवाय थोडं सिलिकॉन किंवा क्रोमियम. आयुष्यभर वाकून सरळ होणं हेच त्याचं काम, त्यामुळे जात चिवट. भात्याने कोळसे फुलवले जातात. पाटा नारिंगी झाला की सांडशीने ऐरणीवर येतो, छिन्नीने पट्टी तुटते. घण बहुधा बाईच्या हातात आणि हातोडी पुरुषाच्या. हातोडी जिथं टिचकी मारते तिथंच घण पडतो. पातं आकाराला आलं की ते राखेत हळूहळू निवू देतात, मग कानशीने घासून कड काढतात.

खरी कसोटी पाणी देण्याची. पातं पुन्हा लाल करायचं आणि फक्त धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवायची. आता धार काचेसारखी कडक, पडली तर तुटेल. म्हणून दगडाने एक पट्टा घासून चकचकीत करतात आणि पाठीकडून हलकी आच देतात. चकचकीत भागावर रंग चढत जातो. आधी फिकट पिवळा, मग वाळल्या कडब्याचा, मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा. कडब्याच्या रंगावर, साधारण सव्वादोनशे अंशांना, पातं पुन्हा पाण्यात जातं. निळ्यापर्यंत गेलं तर धार मऊ. “कडक राह्यलं त तुटते, नरम पडलं त वाकते,” एवढंच तो सांगतो. धातुशास्त्राच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण असतं.

हा चाकू विहिरीच्या काठावर पाजता येतो. त्याचा कडकपणा घिसाड्याने गावातला दगड डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवलेला असतो. गिऱ्हाइकाकडे कुरुंदाचं चाक नाही, हे त्याला ठाऊक असतं.

रामपुरी आणि कायदा

मधल्या काळात एका चाकूने सगळ्या चाकूंचं नाव खराब केलं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचा घडीचा चाकू हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिला. उघडताना होणारा त्याचा कडकड आवाज थिएटरात धारेपेक्षा जास्त कापायचा. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा बसला. २०२३ मध्ये त्याच रामपुरात चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला.

सिनेमाचा परिणाम असा की खिशात चाकू म्हटलं की लोक आजही दचकतात. कायदा तेवढा दचकत नाही. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार परवान्याच्या कक्षेत येतं, आणि घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तीन इंची चाकू यात बसत नाही. मात्र सणावारी, निवडणुकीत जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतं. त्यात सुरी-चाकू बाळगायलाही बंदी असते. तेवढे दिवस चाकू घरी ठेवावा.

न गंजणारं पातं

१९१३ मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने सुमारे तेरा टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद ओतलं. ते गंजेना. शेफील्डच्या जुन्या चाकूवाल्यांनी त्याला ‘न कापणारा चाकू’ म्हणून हिणवलं. ते अगदीच खोटं नव्हतं. त्या पोलादात कार्बन कमी होता, कडकपणा यायला त्रास होता आणि क्रोमियममुळे ते जुन्या दगडांवर चिकट लागत होतं.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ पासून सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. पुढे न गंजणारं पोलाद आल्यावर त्याच्या कंपनीचं नाव व्हिक्टोरिनॉक्स झालं. तिचं पातं कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५५-५६ च्या आसपास ठेवलेलं असतं. यापेक्षा कडक करता येत नाही म्हणून नव्हे, तर सैनिकाला छावणीत साध्या दगडावर धार लावता यावी म्हणून. १८९० मध्ये फ्रान्सच्या डोंगराळ सावोय भागात जोसेफ ओपिनेलने शेतकऱ्यासाठी लाकडी मुठीचा चाकू केला. तो आजही साध्या कार्बन पोलादात मिळतो. एकच तक्रार, पावसाळ्यात मूठ फुगते आणि पातं उघडायला जड जातं. आपल्या आषाढात हे लक्षात ठेवावं.

बाजारात आज दोन टोकं दिसतात. एकीकडे जत्रेतले आणि रस्त्यावरचे चकचकीत चाकू. त्यांचं पोलाद इतकं मऊ की दोन दिवसांत कड वळते. दुसरीकडे मोबाइलवरून मागवलेले महागडे चाकू, त्यात व्हॅनेडियम घातलेलं पावडर पोलाद. व्हॅनेडियम कार्बाइडचे कण कुरुंदापेक्षाही कडक. धार महिना-दोन महिने टिकते हे खरं. पण गेली की कुरुंदाच्या चाकालाही ती दाद देत नाही, मग पायरीच्या दगडाची काय कथा. त्याला हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. ती नसेल तर पाच-सहा हजारांचा चाकू कपाटात पडतो. शिकलगारांनी पातं आणि कुरुंद एकत्र सांभाळलं होतं. आपण महाग पातं घेतो आणि दगड घ्यायला विसरतो.

दगडाचाही इतिहास पात्याइतकाच पुढे गेला आहे, याकडे कुणी बघत नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने भट्टीत कार्बोरंडम बनवलं. आपल्याकडे १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा इथं ग्राइंडवेलने घासायची चाकं करायला सुरुवात केली. चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ ची. तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने खरखरीत, दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड मिळतो. त्याच्यापुढे क्रोमियमचं न गंजणारं पोलादही टिकाव धरत नाही.

कोणता घ्यावा

आता निवडीचं सांगतो. घाटाखालच्या संत्र्याच्या बागेत डोळे भरणारा, देऊळगावराजाच्या शेडनेटमध्ये ठिबकची नळी कापणारा, खताच्या पोत्याची शिवण उसवणारा आणि घरात पेरू चिरणारा, या सगळ्यांना एकच जात पुरते.

पोलाद साधं कार्बनचं असावं, नाहीतर अर्धा टक्का कार्बन आणि तेरा ते पंधरा टक्के क्रोमियमचं. कडकपणा रॉकवेल ५५ ते ५८. संत्र्या-लिंबाचा रस लागत असेल आणि पुसायचा कंटाळा असेल तर न गंजणारं घ्या. पुसून तेलाचं बोट फिरवायची सवय असेल तर कार्बनचं घ्या. धार लावताना ते जास्त गुणी वाटतं.

पोलादापेक्षाही पात्याची जाडी बघा. पाठ दोन-अडीच मिलिमीटर आणि धारेकडे खरंच पातळ. पातळ पातं अर्धबोथट झालं तरी कापतं, आणि धार लावताना घासायला धातू कमी असल्याने लवकर तयार होतं. पटकन लागावी आणि पटकन जाऊ नये, या दोन मागण्यांत थोडाफार समेट घडवणारी ही एकच गोष्ट. दात्यांचं पातं नको, ते घरी पाजता येत नाही. उजेडात धार वर करून बघा. कुठं चकाकणारी रेघ दिसली तर तिथं धार नाही. पातं उघडून आडवं हलवा. खिळ्यात खुळखुळत असेल तर परत ठेवा.

धार लावायचा कोन वीस अंशांच्या आसपास. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश होतात. तो तुकडा दगडावर उभा ठेवून हाताला अंदाज द्या. दगड ओला करून एका बाजूने घासा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक कुसासारखी कड लागेपर्यंत. ती पूर्ण लांबीवर आली की बाजू बदला. मग बारीक दगड, हलक्या हाताने. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने चार-सहा वेळा. सायकलवर कोरडं चाक फिरवणाऱ्याकडे चांगला चाकू देऊ नका. ठिणग्यांबरोबर धार तापते, निळी पडते आणि घिसाड्याने कडब्याच्या रंगावर थांबवलेलं पाणी तिथंच उतरतं.

जिल्ह्यात लोखंड नव्हतं, तरी चांगले चाकू वापरले गेले. पाजायची सवय प्रत्येक घरात होती, म्हणून हे जमलं. तेव्हा खामगावच्या, चिखलीच्या किंवा मेहकरच्या दुकानात गेलात तर आधी दोन बाजूंचा दगड मागा आणि घरातल्या जुन्या सुरीवर आठवडाभर हात बसवा. मगच चाकू घ्या, आणि तुमच्या दगडावर ज्याची कड उमटेल असाच घ्या. गावाबाहेर अजून कुणी भाता लावून बसत असेल, तर पहिला चाकू त्याच्याकडूनच घ्या. तुमच्या दगडाला मानवेल असं पोलाद त्याच्या हाताला अजून ठाऊक आहे.